आईच्या बोंबलांचा बॉक्स

घाटकोपरला आमचा एक्झॉस्ट फॅन आणि डक्टिंगचा गाळा आहे. मालक संदेश, कारागीर मी. या धंद्यात किस्से पंख्याच्या पात्यांवरच्या मळासारखे साचतात. एक पुसायला घ्या, खालून दुसरा निघतो! आणि गेल्या दिवाळीनंतरचे तर सगळे एकाच बॉक्सचे.

झालं असं. संदेशची आई मालवणकडची. वडील गेल्यावर गावच्या घरात ती एकटीच. एकदा चक्कर येऊन पडली, तर संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नाही! म्हणून संदेशने तिला मुलुंडच्या फ्लॅटवर आणलं.

आईने काय करावं? किचनच्या ग्रिलला दोरी बांधली आणि ओले बोंबील सुकत घातले! वरच्या मजल्यावर देसाईकाका, एकटेच राहतात. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा रोज सकाळी मेसेज. लोकांच्या गुड मॉर्निंगच्या फुलांखाली एकच शब्द, "वास."

आईने बॅग भरली. "मी गावाक जातंय. थंय कोणाच्या नाकाक त्रास नाय."

संदेशचा चेहरा एवढासा झाला. "यार, अख्ख्या घाटकोपरच्या हॉटेलांचे वास आपण घालवतो, आणि माझ्या आईला वासापायी गावी पाठवू? ती तिकडे परत पडली तर?"

मी म्हटलं, "बॉक्स बनवू. आत जाळीचे ट्रे, वर पंखा, तोंडाला वास शोषून घेणारा कोळशाचा फिल्टर. बोंबील सुकणार, वास बाहेर नाही!"

आईने आठ दिवसांची मुदत दिली. बॅग मात्र कपाटाशेजारीच राहिली.

*

बारा वर्षं मी एक्झॉस्ट बसवतोय. झोपेतही बसवीन. आणि आईच्या बॉक्सला मी पंखा उलटा बसवला!

हवा आतून ओढून कोळशातून बाहेर जायला हवी. माझा पंखा बाहेरची हवा कोळशातून गाळून आत घेत होता आणि बोंबलांचा वास खालच्या फटीतून थेट हॉलमध्ये सोडत होता. पाच मिनिटांत संदेशची बायको तोंडाला ओढणी लावून बाल्कनीत गेली.

आई सोफ्यावर बसून मजेत म्हणाली, "बरा झाला. आता मासळी बाजारात जावक नको!"

संदेशने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

*

पंखा सुलटा केला, पण तो होता हॉटेलच्या भट्टीचा. आवाज असा की शेजारी विचारायला आले, "पिठाची गिरणी टाकली का?"

सकाळी ट्रे काढले. बोंबील वरून कडक, आतून ओले! एवढ्या जोराच्या वाऱ्याने कातडी आवळते आणि आतलं पाणी आतच राहतं. हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही आयुष्यभर धूर घालवलेली माणसं.

आईने एक बोंबील उचलून टेबलावर आपटला. ठक्क! "ह्या बोंबलान खिळो ठोक," म्हणाली आणि माझ्या हातात दिला.

मग कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावला. अगदी मंद वारा, फटी सगळ्या बंद. आता जमायला लागलं.

*

मधल्या काळात बॉक्सची बातमी फुटली. अंधेरीहून एक जण गाळ्यावर आला. लांब केस, काळा चष्मा. "दादा, मलापण तसा बॉक्स पाहिजे. वास अजिबात नको."

"काय सुकवणार?"

"तुळस. बाल्कनीत लावलीये."

संदेशने वही काढली. किती ट्रे, पंखा केवढा, सगळं लिहून घेतलं. शेवटी तो चष्मेवाला हळूच म्हणाला, "आणि कुलूप पाहिजे हां. आवाज पण नको."

संदेशने वही मिटली. "भावा, तुळशीला कुलूप? देवासमोर ठेव की!"

गडी चहासुद्धा न घेता गेला.

*

आणि हा शेवटचा.

बॉक्स झकास चालू झाला. चार दिवस वास म्हणून नाही! फिल्टरला नाक लावलं तरी काही नाही. ग्रुपवर नुसती फुलं. संदेश खूश. पण आईचं मन काही लागेना. "वास येना नाय, तर सुकले काय कुसले, कळतला कसा?" आणि बॅग अजून भरलेलीच.

रविवारी सकाळी मी फिल्टर बघायला गेलो होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात देसाईकाका! संदेशची वाट लागली. त्याने आधीच हात जोडले. "काका, परत येतोय का वास?"

"नाही ना," काका म्हणाले. "म्हणून तर आलो." आणि दारातूनच आत डोकावायला लागले. "चार दिवस झाले, काहीच नाही. तुमच्या आई... बऱ्या आहेत ना?"

आई किचनच्या दारात येऊन उभी होती. तिने काकांना वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"रे, तो पंखो बंद कर."