या, स्थानापन्न व्हा!

दारू पिणाऱ्यांपेक्षा दारू सोडलेल्यांकडे किस्से जास्त असतात. कारण साधं आहे. पिणारा सकाळी उठला की रात्रीचं सगळं विसरलेला असतो. आम्ही शुद्धीत असतो, त्यामुळे दुसऱ्याची फजिती अगदी तपशीलवार लक्षात राहते! आमचा ग्रुप भरतो शनिवार पेठेतल्या एका शाळेत, पहिलीच्या वर्गात. त्या चिमुकल्या बाकांत गुडघे अडकवून एकमेकांचं ऐकता ऐकता साठलेले हे काही.

*

पहिला माझाच. कोथरूडहून रिक्षाने गेलो, गल्ली सापडली, पण जागा काही सापडेना. पुण्यात जिन्याला पाटी, झाडाला पाटी, नेमकी या मीटिंगला नाही! का, तर गुप्तता. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात हळूच विचारलं, "इथे ती... मीटिंग असते ना?"

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कसली? भजनाची, सोसायटीची, की दारू सोडणाऱ्यांची?"

"तिसरी," मी पुटपुटलो.

"मग मोठ्यानं बोला की! पिताना कुठे लाजला होतात?"

दुकानातल्या दोघी गिऱ्हाइकांनी मला नजरेनेच शाळेच्या दारापर्यंत पोचवलं.

*

आमचे म्होरके जोशीकाका, संस्कृतचे निवृत्त मास्तर. दिवसा सुभाषितं शिकवायचे आणि संध्याकाळी रम प्यायचे. एकदा अंकित नावाचा नागपूरचा आयटीवाला बिचकत दारात आला. काका प्रेमाने म्हणाले, "या, बसा."

तो उडालाच. "काहो, इथंबी बसता काय तुम्ही?"

आता त्याचं तरी काय चुकलं? "आज बसायचं का?" असं मित्राने विचारलं तर आपल्याकडे कुणी खुर्ची शोधत नाही, चकणा शोधतो! काकांनी त्याच दिवशी हा शब्द वर्गातून हद्दपार केला. तेव्हापासून आमच्याकडे सगळे स्थानापन्न होतात.

शब्द उरला तो फक्त तालमीपुरता. काका मध्येच कुणावर तरी बोट रोखून विचारतात, "बसायचं का?" की त्याने क्षणाचाही विचार न करता ओरडायचं, "नाही, मी सोडली!" विचार केला की माणूस हो म्हणतो, असं काकांचं मत आहे आणि ते अनुभवाचं आहे.

*

माझ्या बायकोला हे सगळं थापच वाटत होतं. तिचाही दोष नाही. पूर्वी "मीटिंग आहे" म्हणून मी बारमध्ये असायचो. आता खरोखर मीटिंगला जायला लागल्यावर ती एकदा स्कूटरवरून माझ्या मागोमाग आली आणि वर्गाच्या खिडकीतून डोकावली. आत मी बाकात अडकलेला, हातात कटिंग चहा आणि समोर फळ्यावर कमळ, बदक, मगर.

घरी आल्यावर म्हणाली, "अहो, खोटं बोलायचात तेव्हा निदान बसायची जागा तरी बरी असायची!"

*

सलीमभाईंचं कपड्यांचं दुकान आहे. या गृहस्थाने आपलं पिणं घरात कुणाला कळूच दिलं नव्हतं. दारू सुटली त्या आनंदात घरी जाऊन जाहीर केलं, "अम्मी, मैंने शराब छोड दी!"

अम्मींनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "मतलब? पीता था?!"

त्यानंतर बरेच दिवस सलीमभाई दुकानातच जेवत होते.

*

एक साहेब आले होते. उभे राहून म्हणाले, "मी काही तुम्हा लोकांसारखा नव्हतो. मी फक्त स्कॉच घ्यायचो."

खडकीच्या फॅक्टरीतला विलास मागच्या बाकावरून म्हणाला, "साहेब, गटाराला ब्रँड कळत नाही!"

साहेब पुन्हा आले नाहीत. आम्हाला वाईट वाटलं, पण फार नाही.

विलास सगळ्यांना असे टोले हाणायचा. मुलीचं नाव निघालं की मात्र गप्प. प्राजक्ताच्या साखरपुड्यात हा पिऊन व्याह्यांच्या अंगावर कोसळला होता. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. त्यानेही तेव्हापासून दारूला हात लावला नव्हता, पण तिचा विश्वास कसा बसावा? लग्न जवळ आल्यावर तिने आईकडून निरोप धाडला : बाबांनी हॉलवर यावं, कन्यादानाला मात्र मामा-मामी बसतील.

त्याने हे वर्गात सांगितलं तेव्हा कुणालाही टोला सुचला नाही.

*

लग्न कोथरूडला होतं. आमचा अख्खा वर्ग गेला. विलास नव्या झब्ब्यात, परक्या पाहुण्यासारखा हॉलच्या दाराशी उभा होता. मामा सोवळं नेसून तयार.

तेवढ्यात नवऱ्या मुलाचे काका आले. माणूस मोकळाढाकळा. विलासच्या पाठीवर थाप मारून डोळा मिचकावत म्हणाले, "काय व्याही, संध्याकाळी बसायचं ना?"

"नाही, मी सोडली!"

विलास असा ओरडला की ते व्याही दोन पावलं मागे सरकले. अंकितने टाळी वाजवली. समोर वधूपक्षाच्या खोलीच्या दारात प्राजक्ता मुंडावळ्या बांधून घेत उभी होती. तिने वळून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

मग गुरुजींनी पुकारा केला, "कन्यादानाला कोण बसणार? लवकर या!"

मामा पुढे झाले. प्राजक्ताने त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं आणि दाराकडे पाहून हाक मारली.

"बाबा, बसायचं ना?"

विलास ताठ उभा राहिला. डोळे गच्च मिटले आणि पूर्ण ताकदीने ओरडला, "नाही, मी सोडली!"

गुरुजींनी पोथीतून मान वर काढली.

मागच्या रांगेत जोशीकाका खुर्चीवरून उठले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"अहो विलासराव, बसा! बसा!"