पाटावरचा लॅपटॉप

मंडळी, या ग्रुपवर माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. सकाळी लेकीसाठी, म्हणजे सईसाठी, काल दुकानातून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपचा फोटो टाकला. त्याला भरपूर बदाम मिळाले, पण खालच्या सागवानी पाटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तुमच्या रंगीत दिव्यांच्या कीबोर्डांना मी मात्र न चुकता ‘सुंदर’ लिहितो.

उलट वाद पेटला की वापरलेला लॅपटॉप टिकतो किती. एका पक्षाने त्याला सहा महिने दिले, दुसऱ्याने थेट चिरंजीव ठरवलं.

निवाड्यासाठी दुपारी शेजारच्या युनूसभाईंना बोलावलं. ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. त्यांनी लॅपटॉप सुरूही केला नाही, उलटा करून स्क्रू पाहिले.

“गंज न्हाय. सर, हा आपल्या किनाऱ्याचा नव्हे, घाटावरचा हाय.”

“लॅपटॉप बघताय की स्थळ?”

“एकच की. खाऱ्या हवेत किती दिवस काढले ते आधी बघायचं. पोरीबरोबर पुण्यालाच चाललाय ना? मग चार वर्षं मरत न्हाय.”

सई हसली. “बघा बाबा, मी म्हटलंच होतं, हाच बरा.”

लॅपटॉपची चिंता मिटली. पण काल दुकानात नवे लॅपटॉप अगदी समोर मांडले होते आणि तिने त्यांच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. सरळ जुन्यांच्या कपाटाशी गेली.

तुमच्याकडे मुलं अजून हट्ट करतात का हो? आमची अठराव्या वर्षीच माझा खिसा बघून बोलायला शिकली आहे. मला खरी काळजी त्याची वाटते.