घोडीचा खुराक

आमच्याकडं शर्यतीत बैलगाड्याच्या पुढं घोडी पळते. ती सरळ गेली की बैल सरळ जातात, ती बुजली की सगळी बारी, म्हणजे गाड्याची ती धाव, वाया. आमची तांबडी घोडी कधी बुजली नव्हती. तिला घडवलं आबांनी, माझ्या वडिलांनी. ते तिला दिवसभर इंद्रायणीच्या काठानं चारत हिंडायचे. घोडीचं तोंड हलतं राहिलं पाहिजे, एवढंच त्यांचं शास्त्र.

मग आबांचा गुडघा गेला आणि मोशीतल्या आमच्या रानात इमारती उभ्या राहिल्या. घोडी माझ्याकडं आली. मी चाकणला कंपनीत, चारायला वेळ कुणाला? बैलांना घालायचो तेच तिलाही घालू लागलो. भिजवलेले हरभरे, बाजरीचं पीठ, गूळ. शिफ्टच्या आधी एक बादली, आल्यावर एक. मधले दहा तास ती रिकाम्या गव्हाणीपुढं उभी असायची.

“आरं, बैल रवंथ करतो. हिचं पोट येगळं हाय. एवढं एकदम नगं घालू,” आबा म्हणायचे.

“आबा, तुमचा काळ गेला,” मी म्हणायचो. मी म्हणजे मोठा शहाणा.

दोन महिन्यांत घोडी गव्हाणीचं लाकूड कुरतडायला लागली. खोगीर आवळताना कान मागं टाकून चावायला यायची. मित्र म्हणाले, “राव, खुराक अंगी लागला. मस्ती आलीय तिला.” मला तर अभिमानच वाटला.

पुढच्या शर्यतीत ती घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, मध्यावर, समोर काही नसताना बुजली आणि वळली. बारी फुकट गेली. साऱ्या गावासमोर मी तिला चाबकानं मारलं. ती पळाली नाही, मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघत उभी राहिली. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही, आणि त्याची लाज अजून जात नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. घोड्याचं पोट लहान. एकदम ढीगभर धान्य गेलं की ते न पचताच पुढं सरकतं, आतड्यात आंबतं, आग होते. दुखतं म्हणून ती चावते. दुखतं म्हणूनच तिचं पळण्यात लक्ष नसतं. “आणि एक ध्यानात ठेवा,” ते म्हणाले, “घोड्याला ओकता येत नाही. आत गेलं ते गेलं.”

मी बादली बंद केली. दिवसभर पुढ्यात गवत ठेवलं. दीड महिन्यात ती निवळली. आबा बाजेवर बसले की त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहायची, पूर्वीसारखी.

भाद्रपदातल्या पोळ्याला माझी पहिली शिफ्ट होती. सकाळी निघताना गोठ्यात गेलो. बैलांना आज पुरणपोळी आणि हिला नुसतं गवत? चाबूक आठवला. मला राहवेना. बैलांसाठी काढून ठेवलेलं पुरण भिजल्या हरभऱ्यात कालवलं आणि बादलीभर तिच्यापुढं ठेवलं. ती अधाशासारखी खात होती आणि मला बरं वाटत होतं.

मी बूट घालत होतो तेव्हा आबांनी विचारलं, “सणाचा योक घास देऊ का रं तिला? का डॉक्टरनं नगं सांगितलंय?”

“द्या की,” म्हणालो आणि बस गाठली.

दुपारी बायकोचा फोन आला. घरी पोचलो तर घोडी अंगणात घामानं निथळत लोळत होती. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली. बैलांची शिंगं रंगवून तयार होती. मिरवणुकीला बोलवायला आलेली माणसं दारातूनच परत गेली. ऊन कलायच्या आत ती संपली. तिचं डोकं आबांच्या मांडीवर होतं. तसल्या गुडघ्यानं ते खाली बसले कसे, मला माहीत नाही.

येईल त्याला आबा सांगत राहिले, “माज्याच हातनं झालं. म्या घास दिला.” मी शेजारी उभा राहून ते ऐकलं आणि गप्प बसलो. भ्यालो होतो, दुसरं काही कारण नाही.

यंदाच्या पोळ्याला आबांनी पुरणपोळीचं ताट बाजूला सारलं. “जात न्हाई गं,” सुनेला म्हणाले, आणि काठी टेकत रिकाम्या गोठ्याकडं गेले. मी ताट तसंच ठेवलं. मागोमाग गेलो.

“आबा, ती तुमच्या घासानं नाही गेली. त्या सकाळी मी तिला बादलीभर पुरण घातलं होतं.”

ते गव्हाणीच्या कुरतडलेल्या लाकडावरून हात फिरवत होते. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “त्या दिशी बादली म्याच धुतली. तू यायच्या आदी.”