अर्धीच दिसणारी सूचना

माझ्या मैत्रिणीचे फोटो मी पुसले. बोट तिचं होतं, पण सांगणारी मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्याच्या-त्याच्यावर संशय घेताना दिसेन आणि तुम्हाला वाटेल, ही बाई फार सावध.

आम्ही दोघी चामोर्शी तालुक्यात शेजारशेजारच्या गावांत अंगणवाडी सेविका होतो. एकमेकींना अजूनही 'बाई'च म्हणतो. निवृत्त झाल्यावर मी बल्लारपूरला मुलाकडे आले, ती तिथेच राहिली. तिचा जुना लॅपटॉप फार रखडायचा. माझाही तसाच होता, तेव्हा मी त्यावर एक फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. जगभरची माणसं मिळून ती बनवतात, मालक कुणी नाही, कुणीही उघडून पाहावी, बदलावी. माझं मशीन पळायला लागलं तसं तिचंही पळेल म्हणून मी तिला पेनड्राइव्ह पाठवला आणि फोनवरून एकेक पायरी सांगत गेले.

मध्येच ती म्हणाली, "बाई, इथी मराठीत काही लिहून आलं, पण अर्धंच दिसते. 'या डिस्कवरचं सगळं', एवढंच. पुढचं चौकटीच्या बाहेर गेलं."

मी म्हटलं, "राहू दे वो, मराठीत असंच कापते. पुढे दाब."

तिनं दाबलं. चौकटीबाहेर गेलेले पहिले दोन शब्द होते, 'पुसलं जाईल'.

तिच्या अंगणवाडीतल्या सगळ्या पोरांचे फोटो त्यात होते. वजनाच्या झोळीत रडणारी, तोंडाला खिचडी माखलेली. त्यातल्या कित्येक पोरी आता स्वतःची पोरं कडेवर घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, बाई, माहा लहानपणचा फोटो दाखवा ना. तिनं लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं, दुकानदारानं हात टेकले. ती माझ्याशी भांडली नाही. "तू म्हणली म्हणून दाबलं, बाई," एवढंच म्हणाली, आणि मग माझा फोन उचलणं तिनं सोडलं.

फोटो काही परत येणार नव्हते. पण ती चौकट तशीच ठेवली तर उद्या आणखी कोणी तरी दाबेल. त्याहून खरं सांगू का, तिच्यापुढे जायला माझ्या हातात काहीतरी हवं होतं.

त्या सिस्टीमवाल्यांची तक्रारी लिहायची एक जागा आहे. तिथं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. तो भाग सांभाळणाऱ्या परदेशातल्या एका माणसाचं उत्तर आलं: चूक खरी आहे, तुम्हीच सुधारून, बांधून, चालवून दाखवाल का? नवी आवृत्ती निघायच्या आत आलं तर घेऊ.

मला पहिला प्रश्न पडला, हा स्वतः काऊन नाही करत? म्हातारीला काऊन कामाला लावतो? त्यात ती सिस्टीम घरी बांधायची तर आधी भलतंच सामान मशीनवर उतरवायचं होतं: तिचा सगळा मूळ कोड, तो जोडणारी हत्यारं, आणि तयार झालेलं तपासायला मशीनच्या आतच एक लुटुपुटीचं मशीन. डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट असं त्याचं लांबलचक नाव. मी त्याला बांधकामाचं सामान म्हणत होते. अनोळखी माणसानं सांगायचं आणि मी घरात एवढं सामान येऊ द्यायचं!

अंगणवाडीत पोषण आहाराची पोती यायची, तेव्हा पोत्यावर छापलेलं वजन मी कधी मानलं नाही. आपल्या काट्यावर चढवल्याशिवाय सही नाही. गाडीवाला चिडायचा, "बाई, तुमच्यामुळे पुढची गावं राहतात." राहू दे. इथेही कोडाच्या गठ्ठ्यासोबत त्याची ओळख पटवायला चौसष्ट अक्षरं-आकडे दिलेले होते. आपल्याकडे उतरलेल्या गठ्ठ्यातूनही तेवढेच काढायचे आणि जुळवायचे. मशीन ते स्वतः जुळवून देतं म्हणे. पण मशीनवरच तर संशय! मी सुनेला समोर बसवलं. ती शाळेत शिक्षिका, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होती.

"तू वाच, मी पाहते."

"आई, हे काय मतदारयादी आहे का?"

"वाच."

तिनं वाचलं, मी बोट ठेवत गेले. जुळलं. दुसऱ्यांदा मी वाचलं, तिनं पाहिलं. तेही जुळलं. तरी माझं मन काही निवलं नाही.

दुपारी कूलर लावून मी काम सुरू करायची. कमांड दिली की काळ्या खिडकीत ओळींमागून ओळी धावायच्या. त्यातलं मला दहातलं एक कळायचं. मशीन माझं, कोड माझ्याकडे आलेला, मग आता बाहेरच्याशी काय काम? म्हणून मी आधी उठून वाय-फायचं बटण बंद करायची.

"आई, नेट कुठी गेलं? माहा व्हिडिओ अटकला," सून आतून ओरडायची.

"मीच बंद केलं. इथी काम चालू आहे, कोणी आत शिरलं तं?"

"कोण शिरते इथी? आपल्या घरात भाजीवाला शिरत नाई धड!"

तासभर सगळं ठीक चालायचं आणि मग लाल ओळी येऊन थांबायचं. पहिल्या दिवशी वाटलं, विजेचा दाब वरखाली झाला असेल. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी. तिसऱ्या दिवशीही त्याच ठिकाणी. मग माझी खात्रीच झाली. कोडातच काहीतरी घालून ठेवलंय. फुकट देणारा काही उगाच देत नसतो. सुनेवरही एकदा घसरले, "तू तं काही हात नाई लावला ना?" ती उठून आत गेली. दोन दिवस आमचं बोलणं कामापुरतंच झालं.

त्या माणसाला कळवलं. तो म्हणाला, तुमचा लॉग पाठवा. लॉग म्हणजे मशीननं काय-काय केलं त्याची सगळी नोंद. उघडून पाहते तर त्यात माझं नाव, माझ्या फोल्डरची नावं, कुठलेकुठले पत्ते! मी दुपारभर बसून तांदूळ निवडावे तसा तो लॉग निवडला. नाव दिसलं, काढ. पत्ता दिसला, काढ. न कळणारी ओळ दिसली, तीही काढ. उरलेलं पाठवलं.

त्याचं उत्तर आलं: यात शेवट नाही आणि मधलंही नाही. का कापलंत?

मीही विचारलं: तुम्हाला कशाला हवंय?

आता हा चिडणार आणि माझं काम बुडणार, असं मी धरून चालले. नवी आवृत्ती निघायला थोडेच दिवस राहिले होते. पण त्यानं लिहिलं: माझ्यावर विश्वास ठेवू नका, चांगलंच आहे ते. पूर्ण लॉग तुमच्याजवळच ठेवा. खालून वर वाचत या. 'अयशस्वी' म्हणणारी सगळ्यात वरची ओळ सापडली की तिच्या डोक्यावरची ओळ वाचा.

मी खालून वर चढत गेले. ती ओळ सापडली. तिच्या डोक्यावरची ओळ म्हणत होती, लागणारा एक भाग आणायला गेलो होतो, बाहेर जायला रस्ता नाही. मी काढून टाकलेल्या पत्त्यांपैकीच एक तिथं होता. बांधकाम अर्ध्यावर आलं की उरलेलं सामान बाहेरून आणावं लागत होतं, आणि दाराला कडी मी घातली होती.

सुनेच्या खोलीत गेले. म्हटलं, "तुह्यावर उगाच आली मी."

"सापडला का चोर?" तिनं मान वर न करता विचारलं.

"सापडला. मीच होती."

तिनं हसू दाबलं. मग स्वतः जाऊन वाय-फाय चालू केलं आणि त्या दिवशी बटणाशेजारी खुर्ची टाकून तपासायला वह्या घेऊन बसली. संध्याकाळी बांधकाम पूर्ण झालं. चौकटीत लांब वाक्य मोडून खालच्या ओळीवर यावं, एवढाच माझा बदल, बांधायच्या आधी कोडातल्या एका ओळीत केलेला. तो पाठवला. त्या माणसानं आपल्याकडे चालवून पाहिला आणि घेतला.

मैत्रीण डोळे दाखवायला चंद्रपूरला येणार, असं तिच्या सुनेकडून कळलं. मी तिथल्या बसस्टँडवर जाऊन उभी राहिले. मला पाहून ती म्हणाली, "कोणी सांगतलं तुले?" पण आली सोबत बल्लारपूरला.

लॅपटॉप उघडून मी ते लुटुपुटीचं मशीन चालू केलं. ती खुर्ची मागे सरकवून बसली.

"हे दाबलं तं तुह्यं पण जाईन ना सगळं?"

"नाई जात. हे खोटं मशीन आहे, खेळातलं."

"मागं पण तू असंच म्हणली होती, काही नाई होत."

पडद्यावर ती चौकट आली. तिनं चष्मा काढून पुसला, घातला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं: "या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. आधी दुसरीकडे उतरवून घ्या." पुन्हा एकदा वाचलं.

"हे दिसलं असतं तं मी दाबलं नसतं, बाई."

"हाव."

"मी इचारलं होतं तुले."

"इचारलं होतं. मी न पाहता सांगतलं."

'पुढे'वर बाण होता, तिनं हात मांडीवर घेतले. "मी नाई दाबत," म्हणाली. मग उठून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिथून आवाज दिला, "चहापत्तीचा डबा कुठी आहे? सांगू नको, मी झाकण उघडून पाहते."