आईपासून लपवलेलं इंग्रजी

इंग्रजीत मी दोनदा नापास झालो, म्हणून बायकोला इंग्रजी शिकवायचं मी ठरवलं.

तेव्हा लढाई चालू होती. मी रोज कर्जतहून खोपोलीला कारखान्यात कारकुनीला जायचो. 'इंग्रजी येतं' या थापेवरच तिथं चिकटलो होतो (साहेब काहीही बोलला की मी 'येस सर' म्हणायचो, त्याचा गैरसमज कायम होता). घरात आईसमोर बायकोशी चार शब्द बोलणं म्हणजे शुद्ध निर्लज्जपणा! म्हटलं, इंग्रजीत बोलू, आईला पत्ताही लागणार नाही. महिन्याभरात शांतेची पहिल्या पुस्तकातली पाच वाक्यं पाठ झाली आणि आईचे कान टवकारले.

"काय कुजबुज चालते रे?"

"अभ्यास गं."

"लग्न झाल्यावर कसला अभ्यास? मला काय दुधखुळी समजलास?"

त्यापुढे मी शिंकलो तरी आई संशयानं बघायची.

अशात खोपोलीला मला राहायला कारखान्याच्या दोन खोल्या मिळायची वेळ आली. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं, नाहीतर दुसऱ्याला जाणार. मला तर जायचं होतं! पण आईला सोडून निघतो, हे तिला सांगायची छाती कुठून आणू? म्हटलं, आधी शांतेला विचारू. मंगळवारी ती आमटी वाढत असताना, आईच्या नाकासमोर, मी बेधडक फेकलं, "क्वार्टर. सॅटर्डे. यू कम?"

शांता गोंधळली. मग येत होतं त्यातलं एक उत्तर तिनं नम्रपणे दिलं, "धिस इज अ हेन."

आईचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तात्या हजर! तात्या म्हणजे आमचे शेजारी, पोस्टातले पेन्शनर. उभा जन्म तारा वाचण्यात गेलेला, त्यामुळे इंग्रजी कानावर पडलं की कुणीतरी गेलं, एवढंच त्यांना ठाऊक. आईनं त्यांना पोह्यांच्या निमित्तानं बोलावून स्वयंपाकघराच्या दाराआड बसवलं होतं. मला काय कल्पना? मी आत शिरलो आणि शांतेला पुन्हा विचारलं, "सॅटर्डे! येस ऑर नो?"

"द हेन इज फॅट," शांता कळवळून म्हणाली.

तात्या घाम पुसत पुढे आले. "वहिनी, घाबरू नका, कुणी वारलेलं नाही. कोंबडी आहे. लठ्ठ आहे."

"आमच्या सात पिढ्यांत कोंबडी उंबऱ्याच्या आत आली नाही!" आई कडाडली. "लठ्ठ कोंबडी म्हणजे मीच ना रे?"

शांतेला रडूच फुटलं. "नाही हो सासूबाई! मला मेलीला येतात तीच पाच वाक्यं. हे काय विचारतात ते मला ओ की ठो कळत नाही. ह्यांना तरी कुठं येतंय!"

तात्यांनी जोरात मान डोलावली. (ते मला अजून लागतं.)

"आता मराठीत सांग," आई म्हणाली.

मी तोंड उघडलं. "म्हणजे... आई... ते शनिवारी... तसं काही नाही, पण..."

मराठीही संपलं!

"क्वार्टर मिळालीय ना?" आई म्हणाली. "अरे, निम्मं कर्जत रेल्वेत नोकरीला. क्वार्टर म्हणजे काय ते इथं शेंबड्या पोरालाही कळतं! ते 'हेन' तेवढं कळेना, म्हणून तात्यांना बसवलं. कालपासून वाट बघतेय, माझा मुलगा आपल्या तोंडानं सांगतो का." तिचे डोळे भरले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जा खुशाल. पण दर रविवारी जेवायला इथं यायचं. आणि आलात की माणसांसारखं बोलायचं."

शनिवारी बिऱ्हाड हललं. खोपोलीच्या खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. मी ऐटीत पुस्तक उघडलं. "चल, दुसरा धडा घेऊ."

"मिटा ते," शांता म्हणाली. "आधी तुम्ही मराठीत सरळ बोलायला शिका. मी शिकवते."

चाळीस वर्षं झाली, तिच्या शाळेत मी अजून पहिलीतच बसतो.