धोंडाबाईंची एक्केचाळीस पोरं

बोरी बुद्रुकच्या पलीकडं मळ्यात जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथं पोरांची खिचडी शिजवतात धोंडाबाई. बाईंचा स्वभाव असा, की सूर्य उगवला म्हणून सांगितलं तरी अंगणात येऊन बघणार. गुरुजींनी हजेरीचा आकडा दिला तरी त्यावर तांदूळ काढतील तर शपथ! स्वतः वर्गात जायचं, एकेका डोक्यावर बोट टेकवून मोजायचं, मगच तांदूळ धुवायचे. गुरुजी आधी चिडायचे. आता हजेरी मांडताना तेच बाईंना विचारतात.

तर चैत्रात मोबाइलवरच्या कुठल्याशा चॅनलनं बातमी सोडली, ‘शाळेत उरली अवघी नऊ मुलं, लवकरच कुलूप.’ सोबत व्हरांड्यात जेवणाऱ्या पोरांचा फोटो. मोजली तर बरोबर नऊ! झालं, गावाच्या ग्रुपवर कल्ला. गोरखनं तर तिसरीतल्या श्रेयाचा दाखला मागायचा अर्जच देऊन टाकला. जुन्नरच्या शाळेची बस दारात येते म्हणाला. श्रेयानं रडून घर डोक्यावर घेतलं. आणखी दहा-बारा घरं गोरखकडं बघून थांबली होती. ती गेली असती तर खोटी बातमी आपोआप खरी झाली असती.

धोंडाबाईंनी सुनेला, आरतीला, फोटो मोठा करायला लावला. पोरांकडं बघितलंच नाही, ताटं बघितली. खिचडीशेजारी शिरा होता. शिरा बाई वर्षातून एकदाच करतात, यात्रेच्या दिवशी. बाई एवढ्या हसल्या की आरती घाबरली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पालकांची सभा भरली. शाळा समितीचे अध्यक्ष हौशीराम तावातावानं उठले आणि नऊ कसली, आपली साठ पोरं आहेत, असं ठोकून दिलं. टाळ्याही पडल्या.

“नऊ खोटं, आन् साठबी खोटं,” धोंडाबाई म्हणाल्या. “एक्केचाळीस हायेत.”

हौशीराम लालबुंद झाले. बाईंना त्याचं काय! फोटोतला शिरा दाखवून त्यांनी यात्रेचा दिवस सांगितला. शाळेला सुट्टी नव्हती, पण बैलगाड्यांची शर्यत म्हटल्यावर पोरं कुठली थांबतात, नऊ सोडली तर बाकी सगळी शर्यतीच्या धावपट्टीवर, घाटात. बाईंनी नेमकं त्याच दिवशी न मोजता आदल्या दिवसाच्या आकड्यावर शिजवलं आणि फसल्या. मग नवांना वाढून उरलेली पातेली टेंपोत घालून घाटातच नेली, तिथं सगळ्या पोरांची पंगत बसवली. अख्खं गाव साक्षीला होतं.

“गोरख, तुझ्या बैलांचा नंबर लागला तवा तुझ्या तोंडात काय व्हतं?”

गोरख खाली मान घालून म्हणाला, “शिरा, मावशी.”

सभा हसून हसून लोळली. गोरखही हसला. मग त्यानं विचारलं, “या एक्केचाळिसात आमची श्रेया धरली ना?”

“न्हाई. तिचा दाखला तू मागितलायस. जाणारं पोर मी कसं मोजू?”

हसू थांबलं. पहिलीपासून बाईंनीच त्या पोरीला वाढलेलं. पण आकडा काही त्यांनी वाढवला नाही. गोरख उठला, गुरुजींच्या टेबलावरचा आपला अर्ज घेतला आणि टरकन फाडला.

“बेचाळीस म्हणा, मावशी.”

बाईंनी म्हटलं, आणि हौशीरामांना तोच आकडा ग्रुपवर टाकायला लावला.