मी वर केलेला झेंडा

सुषमाला वाटतं, माझं सगळं तिला माहीत आहे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्याही बायकोला तसं वाटणारच, आणि बहुतेक ते खरंही आहे. सिगारेट सोडली असं सांगून मी वर्षभर गराजमागे ओढत होतो, ते तिला माहीत आहे. आई-बाबा भारतात परतल्यावर, आईच्या शेवटच्या आजारपणात तिकीट काढायला मी दोन दिवस उगाच घालवले, तेही माहीत आहे. पण आता जे सांगणार आहे ते तिलाही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. मग तुला का? — कोण जाणे. तू मध्ये बोलणार नाहीस म्हणून असेल.

आमच्या लंडनमधल्या, क्रॉयडनच्या घरात, फोनशेजारच्या फळीवर, बियरचा एक धातूचा मग आहे. त्यात आम्ही पेनं ठेवतो. त्यावर माझं नाव कोरलंय आणि खाली इंग्रजीत एक ओळ — हरलो तरी हा सोडून गेला नाही, अशा अर्थाची. कॉलेजच्या फुटबॉल टीमने दिलेला मग. पाहुणे आले की सुषमा तो हमखास त्यांच्या हातात देते. 'अहो, यांची टीम फायनल हरली, निम्मे खेळाडू सोडून गेले, बघायला कुत्रं येत नव्हतं. पण हे दर शनिवारी हजर. पावसात, बर्फात. कॉलेज संपल्यावरसुद्धा.' पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी म्हणतो, 'चहा घ्या.' दुसरं काय म्हणणार?

ती सांगते त्यात खोटं काहीच नाही. हीच तर पंचाईत आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी ब्रिस्टलला इंजिनिअरिंग शिकत होतो. फुटबॉलचं भयंकर वेड, आणि खेळता मात्र अजिबात येत नव्हतं. दोनदा ट्रायल दिली. दोन्ही वेळा ग्रॅहमने — तो आमचा कॅप्टन, दाराएवढा रुंद माणूस — पाठीवर थाप मारून घरी पाठवलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने माझ्या हातात पिवळा झेंडा दिला आणि म्हणाला, लाइनवर उभा राहा.

हे जरा समजावून सांगायला हवं. मोठ्या मॅचला रेफरीबरोबर दोन त्रयस्थ लाइन्समन असतात. आमच्या लीगमध्ये रेफरी एकटाच यायचा, अगदी फायनललाही, आणि लाइनवर दोन्ही टीमनी आपापला एकेक माणूस द्यायचा. बॉल बाहेर गेला की झेंडा वर. ऑफसाइड झालं की झेंडा वर — म्हणजे पास पायातून सुटायच्या आधीच पुढचा खेळाडू समोरच्यांच्या शेवटच्या डिफेंडरच्या पलीकडे पोचला, तर. आता घरचाच माणूस उभा केल्यावर तो घरच्यांकडे झुकणार, हे सगळे धरूनच चालायचे. समोरच्यांच्या हल्ल्याला झेंडा भराभर वर, आपल्यांच्या वेळी हात खिशात. मी मात्र झुकत नसे. त्याचा मला केवढा अभिमान! खेळता येत नाही ना, मग निदान खरं तरी दाखवतो — असं काहीतरी डोक्यात असायचं.

मिलिंद त्याच वर्षी आला. स्लाऊचा. त्याचे वडील तिथल्या ट्रेडिंग इस्टेटवर एका कारखान्यात होते. हॉस्टेलच्या लाँड्रीत आमची ओळख झाली. मशीनने त्याचा एक मोजा गिळला होता आणि तो त्या मशीनला अस्सल मराठीत झापत होता. ब्रिस्टलमध्ये मराठीत भांडणारा माणूस भेटल्यावर मी त्याला सोडतो कसला? त्या दिवसापासून आम्ही दोस्त.

तो पहिल्याच ट्रायलला टीममध्ये गेला. अंगाने किरकोळ, पण सुटला की कुणाच्या हाती लागत नसे. खोड एकच, घाई. पास सुटायच्या आधीच पळायचा, दर मॅचला तीन-चारदा ऑफसाइड सापडायचा, आणि ग्रॅहम त्याच्यावर खेकसायचा. टीममध्ये त्याला 'अर्ली' म्हणायला लागले. तो हसायचा. हसू वरवरचं असायचं, हे मला कळत होतं.

मग एक दिवस तो मला म्हणाला, 'तू झेंडा घेऊन ये. माझी ही घाई मोडायचीय.' तो सगळा हिवाळा आम्ही दर बुधवारी दुपारी मैदानावर. दोन शर्ट जमिनीवर टाकायचे, ते डिफेंडर. कुणीतरी रिकामा मित्र पकडून आणायचा, तो पास द्यायचा. मिलिंद पळायचा आणि वळून एवढंच विचारायचा, 'लवकर?' मी झेंड्याने सांगायचो. शेकडो वेळा. चिखलात, बोटं बधिर होईपर्यंत. हळूहळू तो थांबायला शिकला. स्वतःच्या पायापेक्षा माझ्या झेंड्यावर विश्वास ठेवायला शिकला, असं म्हटलं तरी चालेल.

इथपर्यंत मी चांगला माणूस आहे. हो ना? म्हणूनच इथे जरा जास्त रेंगाळलो.

ईस्टरच्या आधी मी त्याला घरी जेवायला नेलं. बाबा तासाभरावरच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होते. आईने आग्रह करकरून वाढलं. बाबांनी त्याला मूळ गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर त्यांचा आवाज एकदम फार गोड झाला. तुला कळतंय मी काय म्हणतोय. मिलिंदच्या घरचे बौद्ध. आणि आमचे बाबा, 'आम्ही त्यातलं काही मानत नाही' असं चारचौघांत ठासून सांगणारे. मिलिंदला स्टेशनवर सोडून परत आलो तर बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, 'म्हणजे तो खेळतो, आणि तू त्याच्यासाठी झेंडा धरून उभा राहतोस?' हसत म्हणाले. मीही हसलो. काहीतरी बोलायला हवं होतं, पण हसलो.

तीन आठवड्यांनी फायनल.

कॉलेजने कित्येक वर्षांत फायनल बघितली नव्हती. दोन बस भरून लोक आले होते. एक-एक बरोबरी, शेवटची काही मिनिटं. आमचा हल्ला माझ्याच बाजूला होता. ग्रॅहमने मध्यातून बॉल उचलला, मान वर केली. मिलिंद डिफेंडरच्या खांद्याशी उभा. तो थांबला. मला दिसत होतं, तो थांबलाय. बुधवारी थांबायचा तसाच. पास सुटला, आणि मग तो सुटला. मी शेवटच्या डिफेंडरच्या अगदी रेषेत होतो. पास सुटला त्या क्षणी मिलिंद दोन पावलं अलीकडे होता. दोन पावलं. त्यात शंकेला जागाच नव्हती. इतका अचूक तो कधीच पळाला नव्हता, आणि हा गोल होणार हे मला त्याच्या पाठीवरूनच कळलं.

आणि झेंडा वर गेला.

बघ — आत्ताही काय म्हणालो मी? झेंडा वर गेला. इतकी वर्षं मनातल्या मनात असंच म्हणत आलोय, जणू झेंड्याला स्वतःचा हात असतो. झेंडा मी वर केला. खोटा. तो ऑफसाइड नाही हे दिसत असताना वर केला.

का? मत्सर, असं म्हणून मोकळं होता येईल. मत्सर कुणालाही होतो, त्यात फारशी लाज नाही. पण नुसता मत्सर होता का? दोन बस भरून लोक त्याचं नाव घेऊन ओरडणार होते, आणि मी झेंडा धरून उभा. त्याच्यासाठी. बाबांचं ते वाक्य त्या वेळी माझ्या कानात होतं. वाक्य बाबांचं, पण हात माझा. ते मी बाबांवर ढकलत नाही. ते माझ्यात आधीपासून असल्याशिवाय इतक्या पटकन हाताशी आलं असतं का?

मिलिंदने गोल मारला. आणि तो ग्रॅहमकडे नाही धावला, माझ्याकडे धावला. दोन्ही हात पसरून, कारण तो गोल आमचा होता, बुधवारचा. निम्म्या वाटेत त्याला झेंडा दिसला. हात तसेच राहिले, पाय थांबले.

रेफरीने शिट्टी वाजवली. ग्रॅहम माझ्या तोंडाशी येऊन म्हणाला, 'नक्की?' मी म्हणालो, 'नक्की.' मग त्याने मिलिंदकडे वळून जे तोंड सोडलं ते मी सांगत नाही. आमचे लोक त्याला बोलतच होते तोवर समोरच्यांनी फ्री किक घेतली, बॉल लांब गेला, आणि आमच्या गोलमध्ये पडला. दोन-एक. संपलं.

कुणी माझ्यावर संशय घेतला असेल? नाही घेतला. तिथेच तर सगळं आहे. घरचा माणूस घरच्यांसाठी खोटं बोलतो, हे सगळ्यांना माहीत. घरच्यांविरुद्ध कोण खोटं बोलेल? समोरच्या टीमचा कोच मुद्दाम चालत आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, असा प्रामाणिक माणूस मी या लीगमध्ये पाहिला नाही. रेफरीने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजभर मी प्रामाणिक झालो.

परतताना मिनिबसमध्ये मिलिंदने उभं राहून सगळ्यांची माफी मागितली. मग माझ्या शेजारी येऊन बसला. हळूच, मराठीत, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून, त्याने विचारलं, 'लवकर गेलो का रे?'

तेव्हा सांगता आलं असतं. झेंडा एका क्षणात वर केला म्हणावं, पण इथे तर पुरती पाच-दहा सेकंदं होती माझ्याकडे. मी म्हणालो, 'थोडासा.'

पुढच्या सीझनला तो आला नाही. ग्रॅहमने यादीत घेतलं नसतंच, पण मिलिंदने विचारलंही नाही. टीमची वाताहत झाली, लीगमधून खाली घसरली. मी मात्र राहिलो. त्या वर्षी, त्यानंतर, ब्रिस्टललाच नोकरी लागल्यावर, नव्वदची चार-पाच वर्षं उलटेपर्यंत. दर शनिवारी. निष्ठा? एकदा जरी हे लोक कप जिंकले तरी माझं फिटेल, असा वेडा हिशेब होता. आणि दुसरं म्हणजे, मी तिथे उभा आहे तोवर त्या दिवसाबद्दल कुणी वेगळं काही बोलणार नाही. टीम कधीच जिंकली नाही. मला तो मग मिळाला.

मिलिंदशी मैत्री तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं, असं कित्येकदा वाटलं. वर्षातून दोन-तीन फोन, कधी भेट. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा एका रविवारी त्याने स्लाऊला बोलावलं. तो तिथल्या पार्कात मुलामुलींना फुटबॉल शिकवायचा. त्याची मुलगी प्रज्ञा, आठ वर्षांची, त्याच्यासारखीच किरकोळ आणि तशीच घाईची. मी गेलो तर त्याने सगळ्या मुलांना गोळा केलं आणि माझी ओळख करून दिली. म्हणाला, या काकांनी स्वतःच्या टीमचा गोल नाकारला होता, फायनलमध्ये, कारण ऑफसाइड खरंच झालं होतं. मुलं माझ्याकडे बघत राहिली. मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, 'तुला सांगतो, त्या दिवशी मला शंभर टक्के वाटलं होतं की मी बरोबर आहे. पण तू झेंडा वर केलास, म्हणजे मीच चुकलो असणार. तेव्हापासून कशाचीही खात्री वाटली ना, की आधी थांबतो. ऑफिसात हसतात मला. दोनदा प्रमोशनला अर्जच केला नाही, आपण तयार आहोत की नाही ठरेना.' हे तो तक्रार म्हणून नाही सांगत होता. माझ्याकडून काही शिकल्यासारखं सांगत होता.



त्याने माझ्या हातात झेंडा दिला. 'तू लाइनवर राहा. जुने दिवस.' एका मुलाने पास दिला, प्रज्ञा पळाली. लवकर. चांगली तीन पावलं लवकर, आंधळ्यालाही दिसलं असतं. तिने गोल मारला आणि माझ्याकडे धावत आली. 'काका, माझा गोल आहे ना? आहे ना?' हात पसरून. मी झेंडा खालीच धरला. म्हणालो, 'आहे.'

मिलिंद पलीकडून बघत होता. तो चालत जवळ आला. 'लवकर गेली ना ती?' त्याने विचारलं. मी म्हणालो, 'नाही. बरोबर होती.'

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. गणित पुन्हा मांडून बघतात तसं. मग म्हणाला, 'थोडीशी,' आणि माझ्या हातातून झेंडा काढून घेतला. हिसकावला नाही, नुसता काढून घेतला. त्या दिवशी घरी चहा झाला, त्याच्या बायकोने पोहे केले होते, मी खाल्ले. फाटकापर्यंत तो सोडायला आला नाही. पुढे फोन माझेच असायचे, आणि त्याची उत्तरं आखूड होत गेली. फायनलची गोष्ट त्याने माझ्यासमोर पुन्हा काढली नाही.

त्याला कळलं का? मी विचारलेलं नाही. विचारणं म्हणजे त्यानेच ते बोलून मला मोकळं करावं, असं झालं असतं.

गेल्या शनिवारी पाहुणे आले होते. सुषमाने पेनं काढून तो मग त्यांच्या हातात दिला आणि गोष्ट सुरू केली. मी चहा ओतत होतो.

मिलिंद ऑनसाइड होता. मी रेषेत उभा होतो. मला दिसलं होतं.